शुक्र मागायचे नसते, अदा करायचे असते

आमच्या परभणीत मोंढ्यात, बसस्टँडवर किंवा मशिदीच्या पायरीवर कोणी कोणाला "कैसे हो?" असे विचारले, की उत्तर ठरलेले असते: "अल्लाह का शुकर है." मराठीतून विचारले तर, "बरं चाललंय, देवाची कृपा." कापसाला भाव नसला तरी शुकर, सोयाबीन पाण्यात गेले तरी शुकर, पोराला नोकरी लागली तरी शुकर. हे शब्द तोंडात इतके रुळले आहेत, की ते उच्चारताना आपण नेमके काय म्हणतो आहोत याकडे लक्षही जात नाही.

अलीकडे या जुन्या शब्दाला बाजारात नवे रूप आले आहे. कृतज्ञतेच्या वह्या विकल्या जातात, शिबिरे भरतात, सकाळी सकाळी मोबाईलवर सुविचार येऊन पडतात. आभार माना, सुखी व्हा, असा एकूण सूर असतो. दुसरीकडे घरात, शेतात आणि कामाच्या ठिकाणी हाच शब्द समोरच्याला गप्प करण्यासाठी वापरला जातो. सुनेने तक्रार केली की, "शुकर कर, डोक्यावर छप्पर आहे." मजुराने मजुरी वाढवून मागितली की, "शुकर कर, काम तरी मिळतंय."

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. शुक्र ही घेणाऱ्याने आपणहून अदा करायची गोष्ट आहे; देणाऱ्याने ती मागायची नसते. आणि शुक्राचे निम्म्याहून अधिक काम जिभेचे नाही, हातापायांचे आहे. या दोन गोष्टी सांभाळल्या तर शुक्र माणसाच्या मनाला खराखुरा आधार देते. त्या सोडल्या तर तेच शुक्र दुबळ्याच्या मानेवरचे जू होते.

शब्द काय सांगतो?

अरबीत 'शुक्र'च्या विरुद्ध 'कुफ्र' हा शब्द आहे. कुफ्र म्हणजे धर्म नाकारणे एवढाच अर्थ आपल्याला माहीत असतो. पण त्या धातूचा मूळ अर्थ आहे झाकणे. शेतकरी बी मातीखाली झाकतो, म्हणून अरबीत त्याच्यासाठीही याच धातूपासून शब्द तयार झाला. सूरह हदीदच्या २० व्या आयतीत तो शब्द शेतकरी याच अर्थाने आल्याचे अनेक भाष्यकार सांगतात.

इमाम रागिब इस्फहानी यांनी कुरआनमधील शब्दांचा 'अल-मुफरदात' हा प्रसिद्ध कोश लिहिला. नेमत, म्हणजे मिळालेली देणगी, ओळखणे आणि ती दिसू देणे म्हणजे शुक्र. ती विसरणे आणि झाकून टाकणे म्हणजे कुफ्र, असा अर्थ ते देतात. सोबत एक उदाहरणही देतात. मालकाने घातलेला चारा ज्या जनावराच्या अंगावर दिसतो, त्याला अरब लोक 'शकूर' म्हणत. आपल्या भागातल्या शेतकऱ्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. त्याच्या भाषेत खाल्लेले 'अंगी लागणे' म्हणतात ते हेच. जनावर तोंडाने काही बोलत नाही, पण त्याच्या पाठीवरून हात फिरवला की चारा कुठे गेला ते कळते.

मराठीतला 'कृतज्ञ' हा शब्दही फोडून पाहा. कृत म्हणजे केलेले, ज्ञ म्हणजे जाणणारा. आपल्यासाठी कोणी काय केले हे जो जाणतो तो कृतज्ञ; जो ते केलेले मारून टाकतो तो कृतघ्न. 'जाण ठेवणे' हा आपला साधा शब्दप्रयोग त्याच मुळावर उभा आहे. म्हणजे अरबी असो की मराठी, दोन्ही भाषांमध्ये कृतज्ञतेची सुरुवात आभाराच्या शब्दापासून होत नाही. ती पाहण्यापासून आणि जाणण्यापासून होते.

इमाम गजाली यांनी 'इह्या उलूमुद्दीन' या ग्रंथात सब्र आणि शुक्र यांवर एक संपूर्ण प्रकरण लिहिले आहे. त्यात शुक्राचे तीन भाग सांगितले आहेत: ज्ञान, मनाची अवस्था आणि कृती. नेमत कोणाकडून आली हे कळणे, त्यामुळे मनाला आनंद होणे, आणि ती देणाऱ्याला आवडेल अशा कामी लावणे. आपण बहुतेक जण पहिल्या भागावर घाईने उडी मारतो, दुसऱ्यावर जरा थांबतो आणि तिसऱ्याच्या आत परत फिरतो. कुरआनमध्ये मात्र हजरत दाऊद (अ.) यांच्या घराण्याला शुक्राची आज्ञा झाली ती काम करण्याच्या शब्दात (सूरह सबा, आयत १३), आणि असे शुक्र करणारे थोडेच असतात, हेही तिथेच सांगितले आहे.

तक्रार करणारा नाशुक्रा असतो का?

आता मुख्य अडचणीकडे येऊ. आपल्या समाजात तक्रार आणि शुक्र यांना एकमेकांचे वैरी समजतात. जो तक्रार करतो तो नाशुक्रा, अशी समजूत आहे. या समजुतीचा फायदा कोणाला होतो, ते पाहा.

सासरी त्रास असलेली मुलगी माहेरी येते, तेव्हा तिला शुक्राचा उपदेश मिळतो. तिच्या नवऱ्याला मात्र कोणी सांगत नाही की चांगली बायको मिळाली म्हणून तूही शुक्र कर आणि तिला नीट वागव. ऊसतोडीला निघालेल्या जोडप्याला मुकादमाने उचल दिलेली असते, म्हणून फडात अवेळी प्रसूत झालेल्या बाईनेही उपकारच मानायचे असतात. शिकून घरी बसलेल्या तरुणाला सांगितले जाते, की तुझ्यापेक्षा वाईट हालत असलेल्यांकडे बघ. आपल्यापेक्षा खालच्या माणसाकडे पाहावे, अशा आशयाची हदीस आहे हे खरे. ती सहीह मुस्लिममध्ये आहे. पण ती मी माझ्या लोभाला आवर घालण्यासाठी माझ्यावर लावायची आहे. ती दुसऱ्याच्या हक्काच्या मागणीवर झाकण म्हणून ठेवायला दिलेली नाही.

कुरआनचे म्हणणे याबाबत अगदी स्पष्ट आहे. सूरह निसाच्या १४८ व्या आयतीत वाईट गोष्टीची जाहीर वाच्यता अल्लाहला आवडत नाही असे सांगताना, ज्याच्यावर जुलूम झाला आहे त्याला त्यातून वगळले आहे. म्हणजे पीडिताच्या तोंडावर हात ठेवण्याचा अधिकार कोणालाच नाही. हजरत याकूब (अ.) यांनी मुलाच्या विरहात इतके अश्रू ढाळले की त्यांची दृष्टी गेली, ही कथा सूरह यूसुफमध्ये आहे. त्यांनी आपले दुःख अल्लाहपुढे मांडले. त्यांना कुरआनने नाशुक्रे म्हटले नाही. उलट त्यांच्या सब्राची आठवण आपण आजही काढतो.

ही गोष्ट आपल्या मातीतही सापडते. परभणी जिल्ह्यातले गोदाकाठचे गंगाखेड हे संत जनाबाईंचे गाव. लहानपणी त्या पंढरपूरला संत नामदेवांच्या घरी कामाला राहिल्या आणि आयुष्यभर स्वतःला नामदेवांची दासीच म्हणवून घेतले. दळण, कांडण, झाडलोट या कामांत विठ्ठल आपल्या सोबतीला आहे, असे त्यांचे अभंग सांगतात. त्याच जनाबाई त्याच विठ्ठलाशी कडाडून भांडतात, त्याला खडसावतातही. आमची श्रद्धा वेगळी आहे, उपासनेची पद्धत वेगळी आहे. पण जात्यावर राबणाऱ्या एका बाईच्या तोंडात कृतज्ञता आणि तक्रार दोन्ही एकत्र नांदू शकतात, हे सातशे वर्षांपूर्वी या जिल्ह्यातल्या लेकीने दाखवून दिले आहे. ज्याच्यावर भरवसा असतो त्याच्याकडेच माणूस तक्रार करतो.

देणाऱ्याने काय करायचे?

सूरह दहर, जिला सूरह इन्सान असेही म्हणतात, तिच्यात चांगल्या माणसांचे एक लक्षण सांगितले आहे. ते गरीब, अनाथ आणि कैदी यांना जेवू घालतात आणि त्यांच्याकडून कसलीही परतफेड वा 'शुक्र' यांची अपेक्षा ठेवत नाहीत (आयत ८ आणि ९). 'शुक्र' याच धातूचा शब्द तिथे आला आहे, हे मुद्दाम लक्षात घ्यावे. घेणाऱ्यावर शुक्राची जबाबदारी टाकणारा कुरआन देणाऱ्याला मात्र बजावतो, की तू ते मागू नकोस. सूरह बकराच्या २६४ व्या आयतीत तर उपकार बोलून दाखवल्याने आणि मन दुखावल्याने सदका वाया जातो, असा इशाराच आहे.

या कसोटीवर आपला रमजान तपासून पाहू या. धान्याचे किट वाटले जातात, ही चांगली गोष्ट आहे. पण त्याआधी मंडप लागतो, बॅनर लागतो, त्यावर दात्यांचे चेहरे असतात. रांगेत उभ्या असलेल्या विधवा बायांना एकेक करून पुढे बोलावले जाते. पिशवीला एका बाजूने दात्याचा हात, दुसऱ्या बाजूने त्या बाईचा, आणि फोटो निघेपर्यंत पिशवी तशीच अधांतरी. संध्याकाळी तो फोटो गावभर फिरतो, तिच्या मुलाच्या शाळेतल्या मित्रांच्या मोबाईलवरही जातो. पाच किलो आटा आणि एक लिटर तेलाच्या बदल्यात आपण तिच्याकडून केवढी किंमत वसूल केली? तिचे शुक्र आपण कॅमेऱ्यात पकडून घेतले. जे मागायचे नव्हते ते वसूल केले.

सूरह दुहाच्या शेवटच्या तीन आयतींचा क्रम मला नेहमी विचारात पाडतो. आधी अनाथाला दाबू नये असे येते, मग मागणाऱ्याला झिडकारू नये असे येते, आणि तिसऱ्या ठिकाणी येते ते आपल्या पालनकर्त्याच्या देणगीविषयी बोलणे. आपण मात्र नेमतीविषयी बोलण्यापासून सुरुवात करतो. नव्या घराचे, नव्या गाडीचे फोटो टाकून वर 'अल्हम्दुलिल्लाह' लिहितो, आणि त्या घराच्या गवंड्याची मजुरी अजून बाकी असते.

खांदा ओळखणारी कृतज्ञता

कृतज्ञता कशी असावी याचा एक सुंदर नमुना आपल्या शेतकऱ्यांच्या पोळ्यात आहे. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाची खांदेमळणी करतात. वर्षभर जू ज्या जागी घासते, त्या खांद्याला तूप किंवा लोणी आणि हळद चोळतात. दुसऱ्या दिवशी त्याला औताला जुंपत नाहीत. धार्मिक विधींचा भाग प्रत्येकाने आपापल्या श्रद्धेनुसार ठरवावा. आपल्याकडे अनेक मुस्लिम शेतकऱ्यांच्या दावणीलाही बैल असतात आणि ते त्यांची निगा राखतातच. मला यातल्या दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. एक, आभार मानणाऱ्याला नेमके कुठे दुखते ते माहीत आहे. दुसरी, आभारासोबत त्याने सुट्टी दिली आहे.

आता हीच कसोटी माणसांना लावू. घरातल्या आईचा किंवा बायकोचा 'खांदा' कुठे आहे? पहाटे सहरीला सगळ्यांच्या आधी उठून, इफ्तारला सगळ्यांच्या नंतर जेवणाऱ्या बाईला ईदच्या दिवशी "अम्मी, शीरखुर्मा लाजवाब झालाय" असे म्हणणे ही जिभेची कृतज्ञता झाली. त्या दिवशीची भांडी मुलांनी घासणे, ही खांदेमळणी.

गुढीपाडव्याला सालगड्याचे साल ठरते. वर्षभर तो रात्री-अपरात्री पाणी द्यायला जातो, कारण शेतीपंपाची वीज कधी येईल याचा नेम नसतो. त्याच्या अंगावर कापड घालणे ही चांगली रीत आहे. पण साल ठरवताना घासाघीस करायची, मध्येच आजारी पडला तर दिवस कापायचे आणि वर त्याने हात जोडावेत अशी अपेक्षा ठेवायची, याला कृतज्ञता म्हणत नाहीत. मजुराचा घाम सुकण्यापूर्वी त्याची मजुरी द्यावी, अशी प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांची शिकवण इब्ने माजा यांच्या संग्रहात आहे. आभाराच्या आधी हिशेब येतो.

आणि जो माणसांचे आभार मानत नाही तो अल्लाहचे शुक्रही करत नाही, या आशयाची हदीस अबू दाऊद आणि तिर्मिजी या दोन्ही संग्रहांत आहे. काही जण म्हणतात, देणारा अल्लाह आहे, माणसाचे आभार कशाला? ही हदीस त्यांना परस्पर उत्तर देते. रिज्क, म्हणजे आपली रोजीरोटी, अल्लाह देतो. पण ती आपल्यापर्यंत येते ती माणसांच्या हातून.

एका भाकरीमागचे हात

रिज्क कोणत्या हातांतून येते हे पाहायचे असेल तर ताटातली भाकरी पाहावी. १९७२ साली महाराष्ट्रात भीषण दुष्काळ पडला. त्या पिढीतली माणसे अजूनही मिलो आणि सुकडी या शब्दांनी तो काळ ओळखतात. मिलो म्हणजे अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी, सुकडी म्हणजे दुष्काळी कामावर मिळणारा खाऊ. त्याच वर्षी १८ मे रोजी परभणीत मराठवाडा कृषी विद्यापीठ सुरू झाले. पुढे त्याला वसंतराव नाईकांचे नाव मिळाले. या विद्यापीठाने 'परभणी मोती' नावाचे रब्बी ज्वारीचे वाण दिले. १९८५ मध्ये 'परभणी क्रांती' ही भेंडी दिली, जी पाने पिवळी पाडणाऱ्या केवडा रोगाला तोंड देते आणि देशभर पोहोचली. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या संस्थेत तयार झालेले, लोह आणि जस्त अधिक असलेले ज्वारीचे वाण २०१८ मध्ये याच विद्यापीठाने 'परभणी शक्ती' या नावाने आणले.

म्हणजे एका भाकरीमागे वाण शोधणाऱ्यांची अनेक वर्षांची मेहनत आहे. पेरणारा शेतकरी आहे, रात्री दारे धरणारा गडी आहे, कणसे खुडणाऱ्या बाया आहेत, मोंढ्यातला हमाल आणि मापाडी आहे, गिरणीवाला आहे, आणि चुलीपुढे किंवा गॅसपुढे भाकरी थापणारी आहे. त्यात हिंदू आहेत, मुस्लिम आहेत, बौद्ध आहेत. 'बिस्मिल्लाह' म्हणून पहिला घास घेताना यांपैकी एकाची जरी आठवण झाली, तरी शेजारच्या माणसाकडे पाहण्याची आपली नजर बदलेल. भाकरीचा चतकोर ताटात टाकून उठताना हात थबकेल. सध्या जिथे तिथे माणसांना धर्मावरून वेगळे काढण्याची घाई चालली आहे. कृतज्ञ माणसाला ते जमणे अवघड जाते, कारण त्याला आपल्या ताटातले हात दिसतात.

वुजूचे पाणी

दुसरे उदाहरण पाण्याचे. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून निघालेली पहिली पाण्याची रेल्वे आपल्या शेजारच्या लातूरला पोहोचली. दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी होते. एका मोठ्या शहराला रेल्वेने पाणी पाजावे लागले, ही गोष्ट मराठवाडा विसरला नसेल. परभणीत कित्येक घरी नळाला रोज पाणी येत नाही; ज्या दिवशी येते त्या दिवशी घरातली सगळी भांडी भरली जातात.

प्रेषित (स.) साधारण एक 'मुद्द' पाण्यात वुजू करत, असे बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आले आहे. आजच्या मापात ते पाऊण ते एक लिटरच्या आसपास होते. वाहत्या नदीकाठी बसूनही वुजूत पाणी वाया घालवू नये, अशी शिकवण इब्ने माजा यांच्या संग्रहात आहे. आता आपल्या वुजूखान्यात पाहा. नळ पूर्ण सोडलेला असतो, आणि हात-पाय धुता धुता शेजाऱ्याशी बोलणे चाललेले असते. जे पाणी अल्लाहची नेमत म्हणून आपण वापरतो, तेच नमाजच्या तयारीत गटारात सोडतो.

एक साधा हिशेब करू. एका माणसाने प्रत्येक वुजूत दोन लिटर पाणी वाचवले तर पाच वेळचे दहा लिटर होतात. शंभर नमाजींचे दिवसाला एक हजार लिटर. पाचशे दिवसांत पाच लाख लिटर, म्हणजे लातूरला आलेली ती पहिली रेल्वे. एका मशिदीने नळ जरा कमी सोडला तर सव्वा वर्षाच्या थोड्या पुढे एक रेल्वेभर पाणी वाचते. वुजूखान्यातले वापरलेले पाणी झाडांना किंवा शोषखड्ड्यात सोडले तर त्याचाही उपयोग होतो. मशिदीच्या कमिटीने शुक्र या विषयावर जुम्याला बयान जरूर ठेवावे. पण त्याच आठवड्यात गळणाऱ्या तोट्या बदलून घ्याव्यात.

मनाच्या आरोग्याला याचा काय उपयोग?

कृतज्ञतेने मन निरोगी राहते, हा दावा आता मानसशास्त्रातही तपासला गेला आहे. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅककलो या अमेरिकी संशोधकांनी २००३ मध्ये आपला अभ्यास प्रसिद्ध केला. काही लोकांनी दर आठवड्याला कृतज्ञ वाटावे अशा गोष्टी लिहिल्या, काहींनी त्रासाच्या गोष्टी, तर काहींनी साध्या घडामोडी. दहा आठवड्यांनंतर पहिल्या गटातले लोक आपल्या आयुष्याविषयी अधिक समाधानी होते आणि त्यांच्या शारीरिक तक्रारीही कमी होत्या. २००५ मध्ये मार्टिन सेलिगमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी एक पद्धत तपासली. रोज रात्री त्या दिवशीच्या तीन चांगल्या गोष्टी लिहायच्या, आणि ती प्रत्येक गोष्ट *का* घडली तेही लिहायचे. एक आठवडा असे करणाऱ्यांमध्ये सहा महिन्यांनंतरही फरक दिसला.

या 'का'मध्ये खरी गंमत आहे. 'आज तब्येत बरी होती' असे लिहून भागत नाही. का बरी होती? कारण शेजारच्या खालाने काल काढा करून दिला, कारण सरकारी दवाखान्यातल्या सिस्टरने गोळ्या कशा घ्यायच्या ते दोनदा समजावले. 'का' विचारले की माणसे दिसू लागतात. रागिब इस्फहानींनी सांगितलेले 'नेमत ओळखणे' ते हेच.

पण या औषधाची मर्यादाही प्रामाणिकपणे सांगायला हवी. ओहायो स्टेट विद्यापीठातल्या डेव्हिड क्रेग आणि जेनिफर चीव्हन्स यांनी अशा २७ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. नैराश्य आणि चिंतेच्या विकारांवर कृतज्ञतेच्या या उपायांचा परिणाम फारच थोडा असल्याचे त्यांना आढळले. निरोगी मनाला शुक्राने बळ मिळते, पण आजारी मनाला उपचार लागतो. मधुमेह झालेल्याला आपण "शुकर कर, साखर उतरेल" असे म्हणत नाही. मग ज्याची झोप उडाली आहे, ज्याला जगणे नकोसे झाले आहे, त्याला "तुझा ईमान कमजोर आहे, तू नाशुक्रा आहेस" असे का म्हणतो? कर्जाने, नापिकीने खचलेल्या शेतकऱ्याला असे वाक्य ऐकवणे म्हणजे बुडणाऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून त्याला दाबणे होय.

आपल्या जिल्ह्याला ही जखम नवी नाही. म्हणूनच राज्य सरकारने २०१५ मध्ये शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठी सुरू केलेल्या 'प्रेरणा प्रकल्पा'त ज्या चौदा जिल्ह्यांची निवड झाली, त्यांत परभणी आहे. केंद्र सरकारची 'टेली मानस' ही मोफत सेवा २०२२ पासून सुरू आहे. तिचा क्रमांक १४४१६. हा क्रमांक मशिदीच्या फलकावर नमाजच्या वेळांशेजारी लिहायला काय हरकत आहे? डॉक्टर आणि औषध याही नेमतीच आहेत. त्यांचा वापर करणे हेही शुक्रच आहे.

रोजच्या रोज काय करता येईल?

फार मोठ्या गोष्टी नकोत. चार-पाच सवयी पुरेशा आहेत.

इशाच्या नमाजनंतर दोन मिनिटे बसावे आणि दिवसातल्या तीन गोष्टी नावानिशी आठवाव्यात, 'का' या प्रश्नासह. लिहिता आले तर वहीत, नाही तर मनात.

आठवड्यातून एका माणसाला त्याच्यासमोर जाऊन नेमक्या कामाबद्दल धन्यवाद द्यावेत. ज्या गुरुजींनी वाचायला शिकवले, ज्या दाईने घरातले बाळंतपण केले, जो सफाई कामगार पावसाळ्यात गल्लीतली नाली काढतो, अशा माणसाला. नुसते 'थँक्यू' नको. "तुम्ही हे केलंत, त्यामुळे माझं हे झालं" असे पूर्ण वाक्य बोलावे.

कोणाचे देणे असेल तर आभाराच्या आधी ते फेडावे.

वुजूला नळ अर्धाच सोडावा, ताटात लागेल तेवढेच वाढून घ्यावे.

आणि शेवटची, सगळ्यांत कठीण सवय. आपण कोणासाठी काही केले असेल, तर त्याने ते लक्षात ठेवावे ही अपेक्षा सोडून द्यावी. आखातातून घरी पैसे पाठवणाऱ्या भावाने, मुलांना वाढवणाऱ्या आईबापांनी, गावात किट वाटणाऱ्या शेठने, सगळ्यांनीच. हे सोपे नाही. पण ज्याने अपेक्षा सोडली त्याची झोप किती शांत होते, हे करून पाहिल्याशिवाय कळत नाही. मुलांनी आईबापांचे शुक्र करावे, ही आज्ञा कुरआनने मुलांना दिली आहे (सूरह लुकमान, आयत १४). ती मुलांकडे राहू द्यावी. आईबापांनी ती हातात घेऊन फिरू नये.

प्रेषित (स.) रात्रीच्या नमाजमध्ये इतका वेळ उभे राहत की पायांना सूज येई. एवढे कष्ट कशासाठी, असे हजरत आयशा (रजि.) यांनी विचारले, तेव्हा त्यांनी आपण शुक्र करणारे बंदे होऊ नये का, असा उलट प्रश्न केला. त्यांना हे करायला कोणी भाग पाडले नव्हते. ते शुक्र मनातून उठले आणि पायांत उतरले. आपल्या वाट्याला आलेले शुक्र कोणी वाढवलेल्या ताटात, कोणी वाचवलेल्या पाण्यात, कोणी वेळेवर दिलेल्या मजुरीत उतरवावे.

अल्लाह आपल्याला नेमत ओळखणारी नजर, ती सत्कारणी लावणारे हात आणि कोणाकडून आभार न मागणारे मन देवो. आमीन.